पदराखालचा उजेड

धुळ्याच्या एका सभागृहात हौशी फोटोग्राफरांचं प्रदर्शन भरलं होतं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. भिंतीवर माझेही चार फोटो होते आणि त्यातल्या एकासमोर एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. निवृत्त प्राध्यापक असावेत. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. फोटो माझ्या मायचा होता. कापसाच्या ढिगासमोर बसलेली, वीतभर पुढे ओढलेला पदर आणि त्या पदराच्या आत उजळलेला चेहरा.

"वा!" ते म्हणाले. "काय गूढता आहे! हा पदर चेहऱ्याला जे रहस्य देतो ना, तेच आपल्या ग्रामीण स्त्रीचं खरं सौंदर्य. मुद्दाम घ्यायला लावलात ना पदर?"

"गूढ काही नाही," मी म्हटलं. "ओट्यावर तिचा जेठ बसला होता."

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग त्यांनी मला पदरावर दहा मिनिटं ऐकवलं. ज्याच्या डोक्यावर जन्मात कधी पदर आला नाही असा माणूस पदराबद्दल किती बोलू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. राग गिळून ऐकलं. तो गिळलेला राग आता बाहेर काढते, कारण त्या फोटोत रहस्य नव्हतं. त्यात एक भांडण होतं, आणि ते माझ्या घरातलं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. मुलींमधली पहिली नव्हे, सगळ्यांमधली. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांनी नम्र व्हावं, त्यांना परवडतं.

गाव पाचोऱ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. घर एकत्र. माझे वडील, म्हणजे नाना, धाकटे. आबा थोरले, म्हणजे मायचे जेठ, थोरले दीर. शेत आबांचं, बैल आबांचे, शब्द आबांचा. पुढच्या खोलीत आबांची खाट, आणि खाटेच्या चारी बाजूंच्या भिंतींवर फोटो. आबा फेट्यात, आबा टोपीत, आबा सोसायटीचे चेअरमन झाले तेव्हा गळ्यात हार घालून. आमचे आजोबा एक, काठी घेऊन. नाना एका फोटोत होते, आबांच्या मागे उभे. बाईचा फोटो त्या खोलीत एकही नव्हता. पहिला लागला तो मोठी माय वारली तेव्हा.

मोठी माय म्हणजे आबांची बायको. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती तापानं गेली. तिचा फोटो म्हणून घरात एकच होता, तोही अर्धा. आबा चेअरमन झाले त्या दिवशी पाचोऱ्याचे स्टुडिओवाले चाचा कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं घेऊन गावात आले होते. भर दुपारची वेळ. फोटो उन्हातच चांगला येतो ही आमच्याकडची ठाम समजूत. ऊन जितकं कडक तितका फोटो स्वच्छ. पुरुष खुर्च्यांवर बसले, डोळे बारीक करून, कपाळावर आठ्या घालून. सगळे होऊन रोलमध्ये एक फोटो उरला. कुणीतरी म्हणालं, वाया कशाला घालवायचा, बाया उभ्या करा. मोठी माय आणि माझी माय भिंतीशी उभ्या राहिल्या.

आमच्या घरात जेठासमोर घ्यायचा पदर म्हणजे नुसता डोक्यावर टाकलेला नाही. कपाळाच्या पुढे वीतभर ओढून, पुढे आलेल्या छपरासारखा. मोठ्या मायलाही घ्यावा लागायचा, कारण नवरा असला तरी चार माणसांत तो आबा होता. त्यावर डोक्यावर बाराचं ऊन. ऊन वरून आलं की पदराखाली काय उरणार? चाचांनी म्हटलं होतं, "भाभी, पदर जरा पीछे." आबा खुर्चीवरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू बटन दाब."

चाचांनी बटन दाबलं.

मोठी माय गेल्यावर त्या फोटोतली तिची बाजू कापून मोठी केली आणि काचेत बसवली. ती चौकट तेराव्याला घरी आली तेव्हा मी पाहिली. काठापदराचं लुगडं, हातातल्या बांगड्या, पायातली जोडवी, सगळं लख्ख. आणि जिथे तोंड पाहिजे तिथे काळंकुट्ट भगदाड.

"आबा," मी विचारलं, "यात मोठी माय कुठंय?"

"मंग हाई काय शे?" आबा म्हणाले. "लुगडं तिनंच शे ना?"

आणि त्या लुगड्याला हार घातला. सगळे पाया पडले. मीही पडले, कारण नाना मागून खुणावत होते.

दुसऱ्या दिवशी माय मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी पाणी घालत होते. ती हसत म्हणाली, "मी मरावर हार पदरले घालशात का?"

ते हसणं मला अजून सोसत नाही. मी म्हटलं, "चल, उद्याच पाचोऱ्याला नेते. स्टुडिओत बस, पदर मागे घे, काढू फोटो."

"तो पुढली खोलीमा लावतीन का आबा?"

उघड्या तोंडाच्या बाईचा फोटो आबांच्या खाटेसमोर लागणार नव्हता, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तो गेला असता धान्याच्या कोठीत, कणगीमागे. तिला कोठी नको होती.

"मना फोटो पुढली खोलीमाच लावजो," ती राख लावत म्हणाली. "पदर बी जोयजे, नि तोंड बी दिखाले जोयजे. तू कालेजमा शिकस ना? मंग शिक."

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. पदर जागचा हलता कामा नये आणि चेहरा तर दिसला पाहिजे.

जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक सर कॅमेरा क्लब चालवत. क्लबात मी एकटी मुलगी. सर परदेशी मासिकांतले फोटो दाखवायचे. बागेत बसलेल्या बायका, मोकळे केस, केसांच्या कडांना लागलेलं सोनेरी ऊन. सर म्हणायचे, सूर्य माणसाच्या पाठीशी घ्या, चेहरा सावलीत मऊ येऊ द्या. मी विचारलं, "सर, डोक्यावर पदर असेल तर?"

"मागे घ्यायला सांगायचं."

"घेता येत नसेल तर?"

"का नाही येणार?" सर म्हणाले आणि पोरं हसली. मला म्हणायचं होतं, सर, या एकदा आमच्या ओट्यावर, आणि सांगा तुम्हीच. नाही म्हटलं. पण सरांच्या दोन गोष्टी मी उचलल्या. उजेड फक्त सूर्यातून येत नाही. ज्या ज्या वस्तूवर ऊन पडतं ती प्रत्येक वस्तू थोडा उजेड परत देते. आणि दुसरी, कॅमेऱ्याचा उजेड ठरवताना आजूबाजूचं पाहू नका, जे टिपायचं तेच पाहा. बाकीचं जळून पांढरं झालं तरी चालेल.

पदवी घेतली, पाचोऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, आणि पगारातून जुना कॅमेरा घेतला. नाना म्हणाले, "कानातलं काही केलं असतं बाई." आबा नानांना म्हणाले, मला ऐकू जाईल असं, "फोटो काढत फिरनारी पोर कोन करी घेई?" पोर करून घेणारा पुढे मिळाला, आणि आबांना विचारायला आला नाही. ती गोष्ट वेगळी.

मी लागले कामाला. शाळेला रोज एसटीनं जायचं आणि रविवारी मायला अंगणात इथे बसव, तिथे बसव. आबा ओट्यावर असायचेच; हिवाळ्यात ते दिवसभर तिथून हलत नसत, आणि मायला त्यांच्या नजरेच्या टप्प्यात कॅमेऱ्यासमोर बसायचं तर पदर तसाच पुढे. मागच्या अंगणात भिंतींची सावली, ऊन नाही. शेतात न्यावं तर तिथे सालदार, गडी, येणारे-जाणारे. पदर उलट आणखी पुढे.

पहिल्यांदा मी पितळी परात घेतली. ऊन परातीत धरून पदराखाली फेकलं. मायच्या तोंडावर उजेडाचा असा गोळा बसला की तिनं दोन्ही डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "व माय, आंधयी करस का माले!" शेजारची बाई भिंतीवरून ओरडली, "काय व मास्तरीन, परातमा सूर्य कालवी ऱ्हायनी का?" त्या फोटोत पदराखाली चेहरा आला, पण दात विचकलेला, डोळे मिटलेला, एखाद्याला मार बसतोय तसा. दुसऱ्या खेपेला नानांचं धुतलेलं धोतर पसरलं. ते जमिनीवर सपाट, त्याचा उजेड पुरेना. नुसती हनुवटी दिसली. उभं धरायला कुणी नव्हतं. नानांना म्हटलं, धरा. नानांनी आधी ओट्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "बैलांना पाणी पाजायचंय."

मला नानांचा राग आबांपेक्षा जास्त येतो. आबांना निदान ठाऊक होतं ते काय करताहेत.

दोन्ही वेळा रोल घेऊन मी चाचांकडे गेले. चाचा बल्बखाली निगेटिव्ह धरून म्हणाले, "इस में तो अंधेरा है, बेटी." मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना भर दुपारी फोटो काढायला." ते म्हणाले, "मैं क्या करता? सब को टाइम दोपहर का ही मिलता है." खरं होतं. तरी राग आला.

मग कापूस आला.

त्या वर्षी कापूस चांगला झाला होता. दोन वेचण्यांचा कापूस अंगणात ताडपत्रीवर पडलेला, माणसाच्या डोक्याएवढा उंच ढीग. गाडी भरून जिनिंगला न्यायच्या आधी घरच्या बाया ढिगाशी बसून त्यातली कवडी काढतात. कवडी म्हणजे किडलेला, डागाळलेला, पिवळा पडलेला कापूस. तो वेगळा केला नाही तर सगळ्या मालाचा भाव पडतो. सकाळी आठ-नऊचं ऊन. मी तोंडाला ब्रश लावून अंगणात आले आणि जागच्या जागी थांबले.

माय ढिगासमोर बसलेली होती, सूर्य तिच्या पाठीमागे. ऊन तिच्या तोंडावर नव्हतं, समोरच्या ढिगावर होतं. आणि ढीग तो उजेड परत देत होता, परातीसारखा झटका नाही, सगळीकडून, खालून, समोरून, दुधाच्या पातेल्यावर वाकावं तसा. पदर होता तिथेच. ओट्यावर आबा होते तिथेच. आणि पदराच्या आत, माझ्या मायचं तोंड. कपाळावरचं गोंदण, नाकाची कुडी, डोळ्यांखालच्या रेषा, खालच्या ओठावरची लहानपणची खूण. सगळं. बावीस-तेवीस वर्षांची झाले होते मी, आणि अंगणात, दिवसाउजेडी, आबा समोर असताना तिचं तोंड मी पहिल्यांदा पाहत होते. चुलीशी पाहिलं होतं, अंधाऱ्या घरात पाहिलं होतं. असं नाही.

मी तोंड न धुताच कॅमेरा आणला. उभं राहून पाहिलं तर पदराची कड मधे यायची. म्हणून ढिगाच्या कडेला मातीत पालथी पडले. साडी नेसलेली शाळेतली बाई पोटावर पडलेली पाहून शेजारीण पुन्हा भिंतीवर हजर. "आते काय व्हयनं? पोट दुखस का व?"

माय हसली. पण मला हसरा नको होता. "हसू नको," मी म्हटलं. "काम कर तुझं."

"काम करी ऱ्हायनू ना मी, तूच लोळी ऱ्हायनी," ती म्हणाली आणि कवडीकडे वळली. मग हात थांबले आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. कापसाकडे पाहून उजेड ठरवला असता तर चेहरा पुन्हा काळा गेला असता. मी तिच्या गालाकडे पाहून ठरवला आणि कॅमेऱ्याचं तोंड दोन घरं जास्त उघडलं. कापूस जळू दे म्हटलं. बटन दाबलं.

आबा ओट्यावरून म्हणाले, "काय नाटक शे?"

"कवडी काढतेय माय," मी मातीतून उत्तर दिलं. खोटं काहीच नव्हतं.

चाचांनी तो फोटो अंधाऱ्या खोलीत धुतला, ताटलीतल्या औषधात कागद हलवत राहिले आणि चेहरा वर येऊ लागला तेव्हा खाली वाकले. मग म्हणाले, "ये तो अपने गाँव की चीज़ है." मी म्हटलं, मोठा करून ठेवा, चौकट बनवा, पुढच्या शनिवारी नेते.

शनिवारपर्यंत त्यांना दम निघाला नाही. त्यांनी आणखी एक मोठी प्रत काढली आणि स्टुडिओच्या रस्त्याकडच्या काचेच्या कपाटात लावली, नवरा-नवरीच्या आणि बाळांच्या फोटोंच्या मधोमध. मला विचारलं नाही. मायला विचारणं तर त्यांच्या डोक्यातही आलं नाही. या गोष्टीचं कौतुक मी आजही करणार नाही. फोटो चांगला आला म्हणून बाई दुकानात टांगायची मालाची वस्तू होत नाही.

बाजाराच्या दिवशी आबा पाचोऱ्याला गेले होते. कुणीतरी त्यांना म्हणालं, आबा, तुमच्या घरची बाई काचेत बसलीय. आबा कपाटासमोर गेले.

मला ते एसटीतच कुणाकडून तरी कळलं, आणि मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा ओट्यावर उभेच होते. आयुष्यात पहिल्यांदा ते थेट माझ्यावर रागावले. एरवी राग नानांमार्फत यायचा.

"भावजायनं तोंड मी जलमभर दखं नही!" ते ओरडले. "आन आते बठ्ठं पाचोरं दखी ऱ्हायनं!"

"कपाटात लावायला मी सांगितलं नव्हतं, ते उद्या काढते," मी म्हटलं. "पण फोटोत वाईट काय आहे ते दाखवा. पदर सरकलाय?"

"तोंड दिखस!"

"पदर सरकलाय का आबा? बोटभर तरी? तुम्ही स्वतः ओट्यावर बसला होता. तुमच्यासमोर काढलाय. तुम्हाला सरकलेला दिसला का?"

पदर जागेवर होता. त्यांचा नियम अक्षरशः पाळला होता. फक्त नियमाच्या आत एक माणूस निघालं होतं, आणि ते त्यांना चालत नव्हतं.

"जाळी टाक तो," ते शेवटी म्हणाले. "काच बी नि फिलम बी."

नाना खाली मान घालून म्हणाले, "जाऊ दे ना बाई. एकच तर फोटो आहे."

मी नानांना म्हटलं, "तुमचा असता तर म्हणाला असता का, एकच तर आहे?" तेवढं बोलून मी आत गेले. माय दाराआड उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं रडेल, घाबरेल, म्हणेल जाळून टाक बाई, घरात शांतता पाहिजे. ती म्हणाली, "उद्या माले लई चाल. जाळाना पहिले दखू तर दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. ती कधी एकटी गावाबाहेर पडत नसे, माझ्याबरोबर होती तरी पदर हनुवटीपर्यंत. स्टुडिओसमोर रस्त्यावर गर्दी; हातगाड्या, सायकली. काचेवर रस्त्याचं ऊन असं चमकत होतं की आतलं काही दिसत नव्हतं, आमचीच सावली आणि मागचा केळीवाला दिसत होता. मी म्हटलं, थांब, आतून काढून आणते. तिनं नाही म्हटलं. काचेला कपाळ लावलं, आणि पदर दोन्ही हातांनी धरून काचेवर टेकवला, मोटारीच्या खिडकीतून पोरं हाताचा आडोसा करून पाहतात तसा. पदराच्या सावलीत काच काळी झाली आणि आतला फोटो दिसला असणार, कारण ती बराच वेळ हलली नाही. मागून लोक जात होते. एकजण बायकोला म्हणाला, "हीच ती. फोटोतली."

मी वळून त्याला विचारलं, "काय हवंय?" तो निघून गेला.

माय काचेपासून दूर झाली. "डोया मनी मायना शेतस," ती म्हणाली. डोळे तिच्या आईचे होते, तिला हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आरसा होता तो दाढीचा, आबांच्या खिळ्यावर.

चाचा बाहेर आले, हात जोडले. "गलती हो गई, बहन. आज ही निकालता हूँ."

"काढा," माय म्हणाली. "आठे रस्तावर कसाले? मनं घर शे ना." मग माझ्याकडे वळून, "घर लई चाल. चौकट कर."

चौकट तयारच होती. एसटीत ती मांडीवर घेऊन बसली, काच बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं कागदात गुंडाळू, काच फुटेल. "फुटत नही," ती म्हणाली. कंडक्टरनं पाहिलं, समोरच्या बाकावरच्या बायांनी पाहिलं. ती पदराखालून खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी आबा शेतात गेलेले. पुढच्या खोलीत मी कधी खिळा ठोकला नव्हता, त्या दिवशी ठोकला. खाटेसमोरच्या भिंतीवर, चेअरमनच्या हाराच्या शेजारी. माय खाली उभी राहून सांगत होती, "थोडा डावीकडे. आते सरळ कर." नाना दारात आले, पाहिलं आणि या खेपेला बैलांना पाणी पाजायला गेले नाहीत. थांबलेही नाहीत. ओट्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी आबा आले. खोलीत गेले. आम्ही माजघरात कान देऊन. ओरडणं नाही, काच फुटल्याचा आवाज नाही. थोड्या वेळानं खाट ओढल्याचा आवाज आला. माय चहा घेऊन गेली, नेहमीसारखा पदर पुढे ओढून, आणि परत आली तेव्हा म्हणाली, "खाट फिरी दिनी."

त्यांनी खाट फिरवली होती. मायच्या फोटोकडे पाठ येईल अशी. फोटोला हात लावला नाही. त्यात पदर होता ना. नियमात बसत होता. नियम मोडणारी वस्तू असती तर फोडता आली असती. पाळणारी वस्तू फोडायला कारण लागतं, आणि ते त्यांना सापडलं नाही.

खाट फिरवताना त्यांच्या ध्यानात काय आलं नाही, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. समोरची भिंत पाठीशी गेली तर पाठीमागची समोर येते. तिथे मोठी माय होती. लुगडं, बांगड्या, जोडवी, आणि मधे भगदाड. आता सकाळी डोळे उघडले की आबांना पहिलं तेच दिसणार होतं.

कापसाच्या पुढच्या हंगामाआधी केव्हातरी नाना मला म्हणाले, "आबा विचारत होते, मोठीच्या फोटोत काही होईल का? तू ते केलंस तसं."

"त्यांनी मला विचारावं," मी म्हटलं.

विचारलं त्यांनी. खाटेवर बसून, माझ्याकडे न पाहता. "मोठीना फोटोमा तोंड येई का?"

मी चाचांकडे गेले. त्यांनी जुन्या डब्यांतून ती निगेटिव्ह शोधून काढली, हे त्यांचं खरं कौतुक. बल्बसमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं काळं, काळं पांढरं. लुगड्याची, बांगड्यांची जागा गडद होती. तोंडाची जागा कोरी, काचेसारखी पारदर्शक. तिच्यातून बल्ब सरळ दिसत होता. चाचांनी तरी दोनदा कागद लावून पाहिला. "यहाँ कुछ है ही नहीं, बेटी," ते म्हणाले.

मी घरी येऊन आबांना तसंच सांगितलं. सांभाळून, गोड करून सांगता आलं असतं. म्हातारा माणूस, बायको गेलेली. माझ्या नवऱ्यानं पुढे कधीतरी ही गोष्ट ऐकून म्हटलं, थोडं हळू बोलायला हवं होतंस. मला तसं वाटत नाही.

"येत नाही," मी म्हटलं. "तोंडावर उजेडच पडला नव्हता. चाचा म्हणाले होते, पदर जरा मागे. तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे, तू बटन दाब."

"माले याद नही," आबा म्हणाले.

"मला आहे. मी तिथेच उभी होते."

ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. मग विचारलं, "तिना नाकमा काय व्हतं? कुडी का चमकी?"

मला माहीत होतं. मला तिच्या कपाळावरचा देवीचा वणही माहीत होता, हसताना उजवा डोळा आधी मिटायचा तेही. चुलीशी तिच्या मांडीवर वाढले मी. त्यांना नाकात काय होतं ते आठवत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात, आणि चार माणसांत तिनं पदर घेतला, चार माणसांशिवाय यांनी पाहिलं नाही.

"चमकी," मी म्हटलं आणि उठले.

त्यानंतर आबा पाच-सहा वर्षं जगले. खाट परत फिरवायला त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही म्हटलं नाही, आबा, फिरवून देऊ का. माय रोज दोन वेळा चहा घेऊन आत जायची, पदर पुढे ओढून, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर स्वतःचं उघडं तोंड ठेवून. कप त्यांच्या हाताशी ठेवायची. आबा समोरच्या काळ्या भगदाडाकडे पाहत चहा प्यायचे. आणि माय परत येताना, पाठ त्यांच्याकडे झाली की, मान वर करून भिंतीवरच्या बाईकडे एकदा बघायची.